आबांचा नंबर पाचवा

८ सप्टेंबर, सोमवार

सुई बोटात गेली आणि मला कळलंसुद्धा नाही, इतकी मी आज हवेत आहे. हूक लावायला घेतलेल्या ब्लाउजवर रक्ताचा ठिपका पडला. ब्लाउज लाल होता म्हणून निभावलं.

परवा गणपती गेल्यापासून घर ओकंबोकं झालं होतं. दुपारी मथुराकाकू आल्या. मथुराकाकू म्हणजे आमच्या कुवारबावच्या नवरात्र मंडळाच्या अध्यक्ष आणि माझं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक. माप देताना ‘जरा सैल ठेव’ म्हणतात आणि शिवून झालं की ‘घट्ट कर’ म्हणतात. हात वर करून उभ्या असताना त्यांनी बातमी दिली. यंदा रोज संध्याकाळी गरब्याच्या आधी मंडळातल्या एकाने स्टेजवर यायचं, आपले सगळ्यात आवडते पाच अल्बम सांगायचे आणि प्रत्येकातलं एक गाणं ऐकवायचं. “अठ्ठावीस तारखेचा रविवार तुझा. दिवसभर गाणी लावून मशीन चालवतेस, तुझ्याशिवाय आहे कोण?” मी हो म्हटलं, तीनदा म्हटलं, आणि काकू फाटकापाशी पोचल्या तेव्हा दिसलं की माझी टेप त्यांच्या गळ्यातच आहे.

गाणी सगळ्यांनाच आवडतात. मला सुटं गाणं चालत नाही, अख्खा अल्बम लागतो, त्याच क्रमाने. चिपळूणला माहेरी शिवण शिकले तेव्हा माझा नियम होता, कॅसेटची एक बाजू संपेपर्यंत एक साधा ब्लाउज झाला पाहिजे. अजून माझ्या डोक्यात अल्बमची लांबी ब्लाउजमध्येच असते. अस्तराचा असेल तर दोन्ही बाजू.

मी टेप परत घेऊन येईपर्यंत पाच नावं ठरलीसुद्धा. पहिलं नाव लिहायच्या आधी मात्र मागे वळून बघितलं. आबा, म्हणजे माझे सासरे, ओटीवर पेपर वाचत होते. तरी लिहितेच. माझ्या आयुष्यातला एक नंबरचा अल्बम, ‘पार्वतीचा पैजेचा विडा’. लिहिलं एकदाचं! आता पंखा लावते.

९ सप्टेंबर, मंगळवार

काल जे लिहिलं ते या घरात बोलायची सोय नाही. जाखडी नाचाच्या गाण्यात दोन बाजू असतात, शक्तीवाले आणि तुरेवाले. शक्तीवाले म्हणतात पार्वती थोर, तुरेवाले म्हणतात शंकर थोर, आणि रात्रभर एकमेकांना गाण्यातून प्रश्न घालून अडवतात. माझा ‘विडा’ शक्तीवाल्यांचा. आणि माझे सासरे, शाहीर भिकाजीबुवा, तुऱ्याचे. नुसते तुऱ्याचे नाहीत, कट्टर. माझं लग्न झालं त्या आठवड्यात मी भांडी घासताना ‘विड्या’तली गौळण गुणगुणले, तर आबा ओटीवरून ओरडले, “ह्या घरात शक्तीचा गाना नाय!” तेव्हापासून चौदा वर्षं मी ती गौळण फक्त बाथरूममध्ये म्हणते, नळ सोडून.

त्यात यंदा दसऱ्याला तुऱ्याची मंडळी आबांना वस्ताद म्हणून फेटा बांधणार आहेत. आणि त्याच्या चार दिवस आधी मी, त्यांची सून, माइकवर!

आज मथुराकाकूंनी आबांना रस्त्यात गाठून सगळं सांगितलं. आबा घरी आले ते मिशीला पीळ देतच. आबांची स्वतःची एक कॅसेट आहे, ‘भिकाजीबुवांचा तडाखा’. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, भाकरी थापत होत्या, त्यांना म्हणाले, “आयकलास? पोरगी आपला नाव काढनार. पाच सांगायचेत. बाकीचे चार कुटले सांगतेय ते बगूया.” आणि लगेच धोंडूबुवांना फोन. धोंडूबुवा म्हणजे आबांचे जन्माचे मित्र, कोरस धरायचे. “धोंड्या, रविवारी यायचा. समद्यांना घेऊन यायचा.”

‘तडाखा’ माझ्या यादीत पाचवा आहे. तोही काही मुरवतीने नाही, खरंच पाचवा आहे. त्यातलं दुसरं गाणं ऐकताना मी एकदा बाही उलटी जोडली होती, इतकं ते झकास आहे. पण उरलेल्या गाण्यांत आबा फार रागावतात.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

पितृपक्ष म्हणून नवं काम कमी. दिवसभर अल्बमच अल्बम! माझ्या बोलण्याची तयारी इथेच करते.

चौथा, ‘वरात पऱ्याजवळ आली’. पऱ्या म्हणजे आमच्याकडचा ओढा. धाकू मास्तरांच्या बँडचा. नुसती वाजंत्री, गाणारा कुणी नाही. मधल्या एका तुकड्यात क्लॅरिनेटवाला असा काही सुटतो की बाकीचे त्याच्या मागे धावतात. मला तो ऐकला की हसू येतं आणि लग्न करावंसं वाटतं. झालंय, तरी वाटतं.

तिसरा, ‘क्रेनवरून’. जयगडच्या बंदरावर क्रेन चालवणारा ओमकार म्हणून मुलगा आहे, त्याने आपल्या बोलीत रॅप केलंय. दीपक, म्हणजे माझा नवरा, तिथेच कामाला आहे, त्याने आणून ऐकवलं. एका गाण्यात हा मुलगा वरून सगळ्या जगाला ‘बाजू व्हा रे’ म्हणतो. ते लावलं की माझं मशीन पळत सुटतं आणि शिवण वाकडी येते. उसवताना परत तेच लावते.

दुसरा, ‘दर्यावरची सुट्टी’. बोटीवर काम करणाऱ्या खलाशांनी परत आल्यावर केलेला. त्यात मधेच अरबी सूर येतात, मधेच कुणीतरी घरच्या आमटीची आठवण काढतो. हा ऐकताना मी फक्त पडदे शिवते, लांब सरळ शिवण.

आणि पहिला. काय लिहू? माझे बाबा मुंबईहून गणपतीला येताना घेऊन आले होते. कॅसेटच्या कागदावर शाहिराचं नाव मोठं, आणि खाली बारीक अक्षरात ‘ढोलकी : पाहुणे कलाकार. गौळण : एक ताई’. बस. तेव्हा बायका कुठे गायच्या जाखडीत? आणि ही ताई अशी गाते की पाण्याला निघालेली पोरगी वाटेत थांबून हसतेय असं वाटतं. आणि तो ढोलकीवाला! प्रत्येक कडव्याच्या शेवटी तीन ठोके देतो आणि चौथा देतच नाही. राखून ठेवतो. आपण वाट बघतो, मान वळते, पायडलवरचा पाय अधांतरी राहतो, आणि मग, धिन! हा माणूस कोण असेल, कसा दिसत असेल, लहानपणी मी फार विचार करायचे. थोडी त्याच्या प्रेमातच होते म्हणा ना.

हे लिहीत होते तेवढ्यात आबांनी चहा मागितला. त्यांची एक खोड आहे, कप हातात घेतला की बशीवर बोटाने टक टक टक करतात, मग थांबतात, मग एक टक करून पितात. आई रोज म्हणतात, “निवला ना तो!” आजही म्हणाल्या. माझी मात्र लिंक तुटली.

आईंना गाण्याचं काही नाही. कधी गाताना ऐकल्या नाहीत. मिक्सर लावला की तेवढं काहीतरी पुटपुटतात, बहुतेक मिक्सरलाच शिव्या देत असाव्यात.

१६ सप्टेंबर, मंगळवार

‘विडा’ मिळत नाही. कुठेच नाही.

माझी कॅसेट माहेरी होती. एकवीस सालच्या पुरात वाशिष्ठी आमच्या माडीच्या पायरीपर्यंत आली होती. भावाला, बाबूला, आज पुन्हा फोन केला की एखाद्या कपाटात, कुठे, बघ ना. म्हणाला, “ताई, तेव्हा आमचा फ्रीज तरंगत होता. तुझ्या कॅसेटला कोण विचारतो?” मोबाइलवर शोधलं तर पार्वती निघाली, विडा निघाला, दोन्ही मिळून काही निघालं नाही. गोखले नाक्याजवळ पूर्वी कॅसेटचं दुकान होतं, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मालक तोच. त्याने नाव ऐकून डोळे मिटले आणि म्हणाला, “त्यातली गौळण...” आणि पुढे बोललाच नाही. मला इतका आनंद झाला की मी त्याच्याकडून एक कव्हर घेतलं. माझ्या मोबाइलला ते बसत नाही.

संध्याकाळी दीपक जयगडहून आला. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “सोपं आहे. तुझा पहिला मिळतच नाही, मग आबांना पहिला कर. तडाखा एक नंबर, घरात शांतता, दसऱ्याला फेटा.”

“आणि खरं?”

“खरं काय, तुझ्या पोटात राहील.”

“माझ्या पोटात चौदा वर्षं आहे!” मी ओरडले. आईंनी आतून मिक्सर लावला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

हार मानली. आबांना पहिला करणार. पासष्टी ओलांडलेल्या माणसाला फेटा मिळायच्या आठवड्यात पाचवा म्हणायचं म्हणजे काय! आणि वर शक्तीचा पहिला! धोंडूबुवा तिथेच आडवे होतील.

दीपकची सुट्टी होती, म्हणून खोटं बोलायची तालीम करायला स्कूटरवरून आरे-वारेला गेलो. पाऊस उघडला होता. मी वाळूत उभी राहिले, दीपक समोर नारळपाणी घेऊन प्रेक्षक झाला. मी म्हटलं, “आणि आता माझा सगळ्यात लाडका अल्बम, भिकाजीबुवांचा तडाखा!” तो म्हणाला, “दात आवळू नकोस.” मी परत म्हटलं. तो म्हणाला, “आता तू रडतेयस.” तिसऱ्यांदा मी मुद्दाम खऱ्याचं नाव घेतलं, जरा गंमत म्हणून, आणि मग सुटलेच! ताई, ढोलकी, राखून ठेवलेला ठोका, सगळं हातवारे करून सांगितलं. थांबले तेव्हा सहलीला आलेलं एक अख्खं कुटुंब उभं राहून ऐकत होतं. त्यातल्या आजी म्हणाल्या, “कुठं मिळंल हो हे ऐकायला?”

कुठेच नाही, म्हटलं. येताना दीपक म्हणाला, “ज्ञानू, खोटं तुला मुळीच जमत नाही गं.” मी त्याच्या पाठीत गुद्दा घातला.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. आजचा रंग पांढरा. सकाळपासून बायकांची ही झुंबड, आणि त्यात आबांनी कापड आणून टाकलं. रविवारसाठी त्यांना नवी बंडी हवी. “वस्ताद दिसाया हवा,” म्हणाले.

माप घेताना आबा शाळेत उभे राहतात तसे ताठ उभे राहतात. मी पाठ मोजत होते तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, “ज्ञानू, कितवा हाय गो मी?”

“रविवारी कळेल.”

“पयला नसलो तरी चालंल हां.” मग थोडं थांबून, “दुसरा असंन तर आधी सांगून ठेव. धोंड्याच्या तोंडाकडं बगाया नको मला त्या वक्ताला.” आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, “पन गान्यात खोटा बोलू नको. बाकी कुटं पन बोल. गान्यात खोटा ऱ्हात नाय, वर येता.”

पेचात सापडले की माझं तोंड आपोआप गुणगुणायला लागतं, आणि काय गुणगुणले तर ती गौळण! एक ओळ पुरी झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं. आबांनी श्वास रोखला होता. छाती चांगली दीड इंच फुगली. मला वाटलं, झालं, आता ओरडणार. पण ओरडले नाहीत. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले. आत मिक्सर सुरू झाला होता. मी पाणी आणायला गेले तर मिक्सरचं भांडं रिकामं आणि आई नुसत्या बटणावर हात ठेवून उभ्या. वय होतंय बिचाऱ्यांचं.

छातीचं माप चुकीचं घेतलं गेलं. बंडी सैल होणार.

२५ सप्टेंबर, गुरुवार

फॉल, पिको, हूक. फॉल, पिको, हूक. रंग पिवळा. बाकी काही लिहिण्यासारखं नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

धोंडूबुवा आजच आले, गावाहून, पानाचा डबा घेऊन. उद्या तुऱ्याची निम्मी पार्टी येणार आहे म्हणे.

दुपारी चहाला बसलो तेव्हा मी भीतभीत अंदाज घेतला. “धोंडूबुवा, शक्तीवाल्यांचं एखादं गाणं कधी आवडलं का हो तुम्हाला?”

धोंडूबुवा अर्धे उठले. “आवडला? आगो, त्या ‘विड्या’नं आमचा नाक कापला! शेवटच्या गान्यात सवाल घातला. कैलासावर पार्वती रुसली, पाठ फिरवून बसली. तर शंकर पयला शबुद काय बोलला नि ती वळली? चाळीस वर्सा झाली, तुऱ्याच्या एका पन शाहिराला जबाब गावला नाय. नि त्यापेक्षा तो ढोलकीवाला! त्याच्या त्या एका ठोक्यानं आमची समदी मान्सा तिकडं वळली. तो पावना कलाकार मला कुटं गावला ना, त्याची बोटा मोडीन.”

आबांना एकदम ठसका लागला. चहा नाकातोंडात गेला. आई पाठीवर थोपटत म्हणाल्या, “हळू प्या. कोन बोटा मोडत नाय.” चहा जरा जास्तच गरम झाला होता, चूक माझीच.

तर आता ठरलं. आबा पहिले. ‘विडा’ कुठेच नाही. दात आवळायचे नाहीत.

२९ सप्टेंबर, सोमवार

काल जे झालं ते लिहायला बसलेय आणि मधेच एकटीच हसत सुटतेय. सकाळपासून तीन गिऱ्हाइकांनी विचारलं, “बरं वाटत नाही का?” नीट पहिल्यापासून लिहिते.

मंडप भरलेला. पहिल्या रांगेत आबा, नव्या बंडीत. सैल झालीय खरी, पण काय रुबाबदार दिसत होते! शेजारी आई, पलीकडे धोंडूबुवा आणि मागे तुऱ्याची पार्टी. मथुराकाकूंनी माझं नाव पुकारलं आणि सांगितलं, शेवटून सुरू कर, पाचव्यापासून.

मी ठरवलं होतं, पाचवा म्हणून बँडवाल्यांचाच आणखी एक अल्बम सांगायचा. तोंड उघडलं. आबा माझ्याकडे बघत होते, ताठ, माप देतात तसे. ‘गान्यात खोटा बोलू नको.’ आणि माझ्या तोंडून आलं, “पाचवा, भिकाजीबुवांचा तडाखा.”

आबांची मिशी खाली आली, मी डोळ्यांनी बघितली. धोंडूबुवांनी विचारलं, “पाचवा म्हंजे? उलटा मोजतेय का ती?” मी घाईघाईने त्यातलं दुसरं गाणं लावलं, आणि ते किती झकास आहे, बाही कशी उलटी लागली, सगळं सांगितलं. टाळ्या पडल्या. आबांनीसुद्धा दोन वाजवल्या. मग बँड लागला तशी पोरं नाचली. ‘क्रेनवरून’ लागल्यावर मथुराकाकूंचा पदर पडला आणि त्यांनी तो उचलला नाही. खलाशांच्या गाण्याला मंडपातल्या दोन बायकांनी डोळे पुसले. माझं भान सुटलं होतं. आता मागे फिरायचा रस्ताच नव्हता.

“पहिला,” मी म्हटलं, “माझ्याकडे नाही. पुरात गेला. तो शक्तीवाल्यांचा आहे. पार्वतीचा पैजेचा विडा.”

“शिव शिव शिव!” धोंडूबुवा उभे राहिले. तुऱ्याची पार्टी उभी राहिली. मी आबांकडे बघितलंच नाही. डोळे मिटले आणि स्वतःच गायला लागले. माझा आवाज म्हणजे तेल नसलेलं मशीन, पण म्हटलं, एक ओळ तरी लोकांच्या कानावर पडू दे.

घागर अजून रिकामी गं, जड कशी झाली?
वाटेवरती उभा कान्हा, लाज कुठं गेली?

आणि माइकच्या दांड्यावर टिचकीने ढोलकी. टक टक टक, टक.

“चूक!”

आबा उभे होते. लाल झाले होते. मला वाटलं, आता संपलं. “चुकलास! शेवटचा ठोका लगेच द्यायचा नाय. कितींदा आयकलास तू ता, नि असा वाजवतेस? बस खाली!” आणि त्यांनी पुढची प्लास्टिकची खुर्ची ओढली, तिची पाठ स्वतःकडे फिरवली आणि तीवर ठेका वाजवला. तीन ठोके. मग काहीच नाही. सगळा मंडप माना वळवून त्यांच्याकडे बघत होता. माझा उजवा पाय उचललेला, पायडल नसताना. मग, धिन.

मला अजून कळलं नव्हतं. खरंच सांगते. मी म्हटलं, “आबा, तुम्हाला कसं येतं?”

आबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी खुर्ची सोडून दिली, पण उशीर झाला होता. धोंडूबुवा हळूहळू त्यांच्याकडे वळले. “भिक्या... तो पावना कलाकार...”

“मी व्हतो.”

“आरं, त्या दिवशी तुला ताप व्हता! मी काढा घेऊन परळला तुज्या खोलीवर आलो, तर कुलूप!”

“ताप व्हता ना,” आबा म्हणाले आणि हनुवटीने शेजारी दाखवलं. “ही.”

आई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मी स्टेजवरून म्हटलं, “आई?” आणि मग, देवाशपथ, मला पुढचं कडवं आठवेना, म्हणून मी विचारलं, “आई, पुढे काय आहे हो?” आई उठल्या नाहीत, माइक घेतला नाही. बसल्या जागेवरून त्यांनी पुढचं कडवं म्हटलं. साठीचा आवाज, जरा घोगरा. पण ती पाण्याला निघालेली पोरगी तीच होती, वाटेत थांबून हसत होती. आबांनी खुर्ची परत ओढून घेतली.

चौदा वर्षं मी त्या ताईच्या हातची भाकरी खातेय! आणि तो मिक्सर! अगं बाई, तो मिक्सर!

नंतर आईंनी एवढंच सांगितलं. शक्तीचा शाहीर म्हणजे त्यांचे मामा. त्यांच्या पार्टीचा ढोलकीवाला रेकॉर्डिंगला आयत्या वेळी आला नाही. आबा मामांच्या चाळीत रोज काही ना काही निमित्त काढून यायचेच. कुणाला सांगायचं नाही, अशी सगळ्यांना शपथ घालून तेच ढोलकीवर बसले. पुढच्या वर्षी लग्न झालं. तुऱ्याच्या वस्तादांना कळलं असतं तर आबांना पार्टीतून काढलं असतं, म्हणून घरात शक्तीचं गाणंच बंद. कुणी गुणगुणलं तर हात आपोआप वाजवायला लागतील, ही भीती.

गरबा तासभर उशिरा सुरू झाला. धोंडूबुवा मात्र थांबले नाहीत. पानाचा डबा तसाच विसरून निघून गेले, आणि त्यांच्यामागे सगळी पार्टी. घरी आल्यावर आबांनी बंडी घडी घालून कपाटात ठेवली. फेट्याचं आता काही खरं नाही. हसतेय मी, पण हे माझ्यामुळे झालं.

१ ऑक्टोबर, बुधवार

धोंडूबुवांचा फोन नाही. आबांनी तीनदा त्यांचा पानाचा डबा पुसून ठेवला. मी म्हटलं, “आबा, चुकलं माझं.” तर म्हणाले, “चुकला ता ठोका. बाकी काय चुकला नाय.” पण जेवले अर्धं.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सकाळी तोरण लावत होते तर फाटकात धोंडूबुवा. मागे पार्टी. हातात केशरी फेटा, बगलेत पिशवी. आबा ओटीवर उभे राहिले आणि खाली उतरलेच नाहीत.

“फेटा बांधायचा का नाय ते मागनं ठरवू,” धोंडूबुवा म्हणाले. “आधी जबाब दे. तू तितं बसला व्हतास. त्यांच्यात. शंकर पयला शबुद काय बोलला ता त्यांनी तुज्यासमोर बोलून दाकवला असंल. चाळीस वर्सा आमी डोका फोडतोय. सांग.”

आबांनी मान खाली घातली. “नाय म्हाईत.”

“तितं बसून?”

“माजा ध्यान हिच्याकडं व्हता रे.”

पार्टीतला एकजण फसकन हसला. धोंडूबुवांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने तोंडावर हात ठेवला. मग आई आतून आल्या, हात पदराला पुसत. आज मिक्सर लावलाच नव्हता.

“जबाब मामानं मला सांगितला व्हता,” आई म्हणाल्या. “शंकर काय बोललाच नाय. डमरू घेतला. तीन ठोके दिले नि शेवटचा दिलाच नाय. ती वाट बगून बगून मागं वळली.”

धोंडूबुवांनी आबांकडे बघितलं, मग आईंकडे, मग परत आबांकडे. “म्हंजे तू जबाब वाजवत बसला व्हतास, मेल्या! नि तुलाच ठाव नव्हता!”

“मी तर ही वळंल म्हनून वाजवत व्हतो,” आबा म्हणाले, आणि कानापर्यंत लाल झाले.

“वळले ना,” आई म्हणाल्या आणि आत जायला निघाल्या. धोंडूबुवांनी त्यांना थांबवलं. पिशवीतून एक कॅसेट काढली. कागद पिवळा, कोपरा फाटलेला, पण वरची अक्षरं मी झोपेतही ओळखली असती. ‘पार्वतीचा पैजेचा विडा’. मी किंचाळलेच. “तुमच्याकडे? शक्तीची?”

“जबाब सोधायला ठेवली व्हती,” धोंडूबुवा नजर चुकवत म्हणाले. “आयकाया लागता. पुन्ना पुन्ना आयकाया लागता.”

मग त्यांनी आबांना फेटा बांधला, तिथेच, ओटीवर. घाईत दोनदा सुटला. बांधून झाल्यावर आबा माझ्याकडे वळले. “ज्ञानू, तुज्या पयल्यात पन मी, पाचव्यात पन मी. मग आता मी कितवा?”

“पहिलेही, पाचवेही.”

“पाचव्यातनं काडून टाक की मग.”

“गाण्यात खोटं बोलायचं नाही, आबा.”

माझा जुना टेपरेकॉर्डर दीपकने माळ्यावरून काढला. मशीनवर सोनं ठेवून, आपट्याच्या पानांचं, मी सवयीने स्टुलावर बसले आणि पायडलवर पाय ठेवला. कॅसेट खरखरली. ताई गायला लागली, आणि आई दाराच्या चौकटीला टेकून, सगळ्यांसमोर, तिच्याबरोबर. कडवं संपलं. तीन ठोके पडले, कॅसेटमधले आणि ओटीच्या कठड्यावरचे, बरोबर एकदम. मग शांत. धोंडूबुवांचं पान तोंडात तसंच राहिलं. आई वळून आबांकडे बघत होत्या. माझा पाय वर होता.

दोन्ही ठोके एकदमच आले, आणि मी पाय खाली ठेवला.